वाइनच्या लेबलावर ‘पन्हाळा’ लिहिता येईल का? ट्रेडमार्कची हरकत, नोटीस आणि लेबल मंजुरी

पन्हाळा_परिसर यांचा प्रश्न

नमस्कार. पन्हाळा आणि शाहूवाडी तालुक्यांतील काही शेतकरी व पलूस भागातील एक द्राक्षबागायतदार असे आम्ही मिळून कोल्हापूरजवळ लहान प्रमाणावर वाइननिर्मितीचा प्रकल्प उभा करीत आहोत. जांभूळ आमच्या भागातील आहे आणि शिराझ द्राक्षे पलूसहून येणार आहेत. परवान्याचे काम १९६६ च्या बिअर व वाइन उत्पादन नियमांखाली मार्गी लागले असल्याने त्याविषयी येथे विचारत नाही. आमची अडचण लेबलाची आहे.

दोन्ही वाइनसाठी आम्ही ‘पन्हाळा व्हॅली’ हे नाव ठरवले, गडावरील तीन दरवाजाचे रेखाचित्र चिन्ह म्हणून घेतले आणि ट्रेडमार्कच्या तेहतिसाव्या, म्हणजे मद्यांच्या, वर्गात अर्ज केला. त्यावर परीक्षण अहवाल आला असून कलम ९ (चिन्हातच असलेला दोष) आणि कलम ११ (आधीच्या चिन्हांशी साम्य) अशा दोन्हींखाली हरकत घेतली आहे. त्याच सुमारास एका जुन्या वाइनरीच्या वकिलांची नोटीस आली. त्यांच्या नोंदणीकृत नावात ‘व्हॅली’ हा शब्द आहे, म्हणून आम्ही तो वापरणे तात्काळ थांबवावे आणि छापलेला माल नष्ट करून तसे लेखी कळवावे, अशी त्यांची मागणी आहे. लेबल मंजुरीसाठी उत्पादन शुल्क विभागाकडे अद्याप काहीही सादर केलेले नाही.

लेबलाची मांडणी करणाऱ्याने मागील बाजूस ‘मधुमेहींसाठी गुणकारी जांभळापासून’ असे लिहिले आहे आणि पुढे बुडबुड्यांची वाइन करायची झाल्यास ‘शांपेन पद्धतीने तयार केलेली’ अशी ओळ सुचवली आहे. आमच्यापैकी काहींना यात काही गैर वाटत नाही, काहींना मात्र धास्ती वाटते. नाव टिकेल का, नोटिशीला उत्तर काय द्यावे आणि लेबलावरचा कोणता मजकूर ठेवावा किंवा गाळावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

कसबा_बावडा_वकील यांचे उत्तर

आपल्या प्रश्नात तीन वेगवेगळी प्रकरणे एकमेकांत गुंतलेली आहेत आणि ती सोडवल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाची हरकत, खासगी वाइनरीची नोटीस आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाची लेबल मंजुरी यांपैकी एकीकडून होकार मिळाला म्हणजे दुसरीकडूनही मिळाला, असे कधीही समजू नये. मंजूर लेबल हातात असूनही ट्रेडमार्कच्या दाव्यात मनाई हुकूम होऊ शकतो. उलट ट्रेडमार्क नोंदला गेला तरी लेबल नामंजूर होऊ शकते.

आधी परीक्षण अहवाल पाहू. ट्रेडमार्क कायदा, १९९९ मधील कलम ९(१)(ब) नुसार केवळ मालाचे भौगोलिक मूळ सांगणारे चिन्ह सहसा नोंदवता येत नाही. पन्हाळा हे तालुक्याचे आणि गावाचे नाव आहे. उद्या तेथील दुसऱ्या शेतकऱ्याने वाइन केली तर त्यालाही हे नाव सांगण्याचा हक्क राहिला पाहिजे, हा या कलमाचा गाभा आहे. दीर्घ वापराने नावाला वेगळी ओळख मिळाली असेल तर अपवाद होतो, पण आपली बाटली अजून बाजारात आलेलीच नाही. शिवाय कलम ९(२)(अ) हेही ध्यानात घ्यावे. लोकांची फसगत होईल असे चिन्ह नोंदता येत नाही, आणि पलूसच्या द्राक्षांच्या बाटलीवर पन्हाळा लिहिल्यास हा मुद्दा कोणीही उपस्थित करू शकतो. अहवाल मिळाल्यापासून एका महिन्यात उत्तर द्यावे लागते, ती तारीख आजच पाहून ठेवा. पुढे अर्ज जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर कोणालाही चार महिन्यांत विरोध नोंदवता येतो आणि विरोधाची प्रत मिळाल्यावर दोन महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे त्याला लेखी उत्तर, दिले नाही तर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. माझ्या पाहण्यात अनेक अर्ज मुद्द्यावर हरले नाहीत, ते या मुदतीतच गेले.

आता नोटीस. ‘व्हॅली’ हा शब्द वाइनच्या धंद्यात इतका सर्रास आहे की त्यावर एकट्याची मक्तेदारी सांगणे अवघड आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्लेंडर्स प्राइड’ विरुद्ध ‘लंडन प्राइड’ या प्रकरणात मनाई हुकूम नाकारला. चिन्हांची तुलना समग्रपणे करायची असते आणि ‘प्राइड’सारख्या सर्वसामान्य शब्दावर विशेष हक्क सांगता येत नाही, असे त्या निकालाचे सार आहे. तरीही नोटीस फडताळात टाकून देऊ नका. त्यांच्या लेबलावरील रंगसंगती, बाटलीचा आकार, अक्षरांची ठेवण आणि डोंगररांगांचे चित्र आपल्याशी कितपत जुळते, हे दोन्ही लेबले शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय उत्तर लिहू नये. शब्द सामान्य असला तरी एकूण पेहराव सारखा असेल तर पासिंग ऑफचा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवल्याचा, दावा उभा राहतो. आणि काही झाले तरी ‘माल नष्ट करून तसे कळवतो’ असे लेखी देऊ नका. ती कबुली पुढे कोर्टात आपल्याच विरोधात वाचली जाते.

माझे स्वतःचे मत विचाराल तर पन्हाळा हा डोंगर आहे आणि त्याला ‘व्हॅली’ जोडण्याचा मोह नाशिककडे पाहून झालेला दिसतो. नाव आपले असावे, दुसऱ्याच्या यशाची सावली नको. ‘नाशिक व्हॅली वाइन’ हे तर नोंदणीकृत भौगोलिक मानांकन आहे, हेही विसरू नये.

द्राक्षमळा_पलूस यांचे उत्तर

वकील साहेबांनी कायद्याची बाजू सांगितली आहे. मी टाकीजवळ काम करणारा माणूस आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो.

वाइनच्या बाटलीवर लिहिलेले गाव म्हणजे फळ कोठून आले याविषयीचे विधान असते. वाइनरी कोठे आहे, हे सांगायला पत्त्याची ओळ पुरते. जगभरात याचे टक्के ठरलेले आहेत. अमेरिकेत द्राक्षाच्या जातीचे नाव लिहायचे असेल तर त्या जातीची किमान ७५ टक्के द्राक्षे लागतात, आणि मान्यताप्राप्त द्राक्षप्रदेशाचे नाव लिहायचे असेल तर त्या प्रदेशातील ८५ टक्के. ऑस्ट्रेलियात जात, प्रदेश आणि वर्ष या तिन्हींसाठी ८५ टक्क्यांचा दंडक आहे. युरोपीय संघात संरक्षित उत्पत्तीनाम असलेल्या वाइनची सगळीच्या सगळी द्राक्षे त्या प्रदेशातील असावी लागतात. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मद्यार्कयुक्त पेयांविषयीचे २०१८ चे नियम १ एप्रिल २०१९ पासून लागू आहेत आणि त्यांतही वाइनच्या लेबलावर मूळ आणि द्राक्षाची किंवा फळाची जात सांगण्याविषयी तरतुदी आहेत. पुढेमागे निर्यातीचा विचार असेल तर पहिल्या हंगामापासूनच ८५ टक्के धरून चालावे, म्हणजे नंतर लेबल बदलण्याची वेळ येत नाही.

आपल्या प्रकरणाशी सर्वांत जवळचा खटला कॅलिफोर्नियातील आहे. तेथे नापा या नामांकित द्राक्षप्रदेशाचे नाव बाटलीवर असले की किंमत वाढते. ब्रॉन्को नावाच्या मोठ्या कंपनीने ‘नापा रिज’, ‘नापा क्रीक’ आणि ‘रदरफर्ड व्हिंटनर्स’ अशी जुनी नावे विकत घेतली आणि त्या नावांखाली नापाबाहेरच्या स्वस्त द्राक्षांची वाइन विकायला सुरुवात केली. हे बेकायदा होते काय, तर केंद्रीय नियमांनुसार नव्हते, कारण जुलै १९८६ पूर्वीपासून वापरात असलेल्या नावांना टक्केवारीच्या अटीतून सूट होती आणि खरे मूळ लेबलावर अन्यत्र छापले की भागत असे. नापाच्या बागायतदारांनी आरडाओरड केल्यावर राज्याने २००० मध्ये स्वतंत्र कायदा केला. नावात नापा असेल तर किमान ७५ टक्के द्राक्षे नापाचीच हवीत आणि जुन्या नावांनाही सूट नाही, असा तो कायदा होता. ब्रॉन्को न्यायालयात गेली. केंद्राने जे चालवून घेतले आहे ते राज्याला रोखता येते का, हा वादाचा मुद्दा झाला आणि २००४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याला तो अधिकार आहे असा निर्णय दिला. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत एक गाव आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दुसरे, ही युक्ती तेथे कायमची संपली.

आपली शिराझची बाटली नेमकी त्याच ठिकाणी उभी आहे. पुढे पन्हाळा आणि मागे पलूस. आमच्या द्राक्षांना लाज वाटण्यासारखे काय आहे? एमआयडीसीने वाइन पार्कसाठी राज्यात ज्या जागा निवडल्या त्यांत विंचूरबरोबर पलूसही होते. शिराझवर पलूस लिहा आणि जांभळावर पन्हाळा. फक्त ते सिद्ध करता आले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक गाडीची काटा पावती, शेतकऱ्याचे नाव आणि गट नंबर, तोडणीची तारीख, कोणत्या टाकीत किती किलो गेले आणि त्या टाकीतून कोणत्या बॅचच्या किती बाटल्या भरल्या, ही नोंद एकाच वहीत सलग हवी. आमच्याकडे एकदा तपासणी अधिकाऱ्यांनी बाटलीवरील बॅच क्रमांक वाचून थेट त्या दिवसाची काटा पावती मागितली होती. पावती होती, पण तिच्यावर टाकीचा क्रमांक लिहिलेला नव्हता, आणि तेवढ्यासाठी अर्धा दिवस खुलासा लिहिण्यात गेला.

पन्हाळा_परिसर यांचा प्रतिप्रश्न

दोघांचेही आभार. नोटिशीचे उत्तर आम्ही वकिलांकडूनच देऊ. मात्र एक शंका मनातून जात नाही. कोल्हापुरी मिसळ पुण्यामुंबईत जागोजागी मिळते, कोल्हापुरी मसाला कोठेही कुटला जातो, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला तर हद्दच राहिलेली नाही, आणि त्यावर कोणी कोणाला नोटीस पाठवल्याचे ऐकिवात नाही. मग वाइनच्याच बाबतीत गावाच्या नावाचा एवढा बाऊ का? आमचा प्रकल्प पन्हाळ्याचेच लोक चालवत आहेत. तरीही आम्हाला पन्हाळा हे नाव वापरता येत नाही, हे पटायला जड जाते.

कसबा_बावडा_वकील यांचे उत्तर

प्रश्न रास्त आहे. मिसळीला कोल्हापुरी म्हटले की ग्राहकाला तिची तिखट चव आणि कटाची धाटणी कळते. मटकी कोठली आहे, असे तो विचारत नाही. तेथे गावाचे नाव रीत सांगते. वाइनच्या ग्राहकाची मात्र पिढ्यान्‌पिढ्या अशी समजूत झालेली आहे, किंवा करून दिली गेली आहे, की गावाचे नाव जमीन, पाणी आणि हवा यांची हमी देते. ही समजूत टिकवण्यासाठी उत्पादकांनी शंभराहून अधिक वर्षे भांडणे केली. फ्रान्सच्या शांपेन प्रांतात कोणत्या गावांची द्राक्षे शांपेन म्हणवून घेतील, यावरून १९११ मध्ये दंगली झाल्या आणि सैन्य पाठवावे लागले. इंग्लंडमध्ये ‘स्पॅनिश शांपेन’ असे स्पष्ट लिहिलेल्या बाटलीलाही १९६० मध्ये न्यायालयाने अटकाव केला, कारण सामान्य ग्राहकाला दोहोंतील भेद कळेलच असे नाही.

याचा परिणाम जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेविषयीच्या ट्रिप्स करारात दिसतो. त्याच्या बाविसाव्या अनुच्छेदानुसार इतर मालाच्या भौगोलिक नावांना संरक्षण आहे, पण त्यासाठी लोकांची दिशाभूल होते असे दाखवावे लागते. तेविसावा अनुच्छेद केवळ वाइन आणि ऊर्ध्वपातित (गाळलेल्या) मद्यांसाठी आहे आणि तेथे दिशाभूल दाखवण्याची गरजच नाही. खरे मूळ लिहिले असले, नावाचे भाषांतर केले असले किंवा ‘त्या प्रकारची’, ‘त्या शैलीची’, ‘तिची नक्कल’ असे शब्द जोडले असले, तरी वापर चुकीचाच ठरतो. मिसळ आणि मद्य यांना लावलेली ही दोन मापे न्याय्य आहेत का, असे विचाराल तर माझ्या मते नाहीत. द्राक्षबागांच्या युरोपीय देशांनी वाटाघाटीत आपल्या पदरात जास्त पाडून घेतले. पण नियम तसा आहे.

त्यामुळे ‘शांपेन पद्धतीने’ ही ओळ काढूनच टाका. शांपेन हे नाव भारतातही भौगोलिक मानांकन म्हणून नोंदलेले आहे. पद्धतीचे नाव म्हणून ते वापरण्याचा एका जर्मन उत्पादकाचा आग्रह युरोपीय न्यायालयाने १९९४ मध्ये फेटाळला, आणि तो उत्पादक तर प्रामाणिकपणे बाटलीतच दुसरे किण्वन करणारा होता. ‘पारंपरिक पद्धतीने, बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली’ असे लिहिल्यास जाणकाराला जे समजायचे ते समजते.

एक निकाल मात्र उलट्या दिशेचाही सांगतो, म्हणजे चित्र एकतर्फी होणार नाही. ‘पीटर स्कॉट’ ही भारतीय व्हिस्की १९६८ पासून बनत होती. स्कॉच व्हिस्की असोसिएशनला तिच्या नोंदणीची माहिती १९७४ मध्ये झाली, पण नोंद दुरुस्तीचा अर्ज त्यांनी केला १९८६ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये या विलंबाचा विचार करून त्यांच्या विरोधात निर्णय दिला आणि अशी व्हिस्की विकत घेणारा ग्राहक भेद ओळखण्याइतका जाणता असतो, असेही नमूद केले. मात्र याच्या आधारावर ‘बघू पुढे’ असे धोरण ठेवू नका. त्या नावामागे अनेक वर्षांची उघड विक्री होती, आणि आपल्या बाबतीत समोरच्याने पहिल्या बाटलीआधीच हरकत घेतली आहे.

चंदगडी_काजू यांचे उत्तर

कोल्हापूर जिल्ह्यातच, पण अगदी टोकाला राहणाऱ्या आमच्यासारख्यांचा अनुभव येथे उपयोगी पडेल. चंदगडमध्ये काजू भरपूर पिकतो. बी विकली जाते आणि बोंड बहुतांशी झाडाखाली सडते. त्याच बोंडापासून डोंगराच्या पलीकडे गोव्यात फेणी होते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडील तरुणांनी बोंडाच्या मद्याचा विचार केला, तेव्हा सर्वांच्या तोंडी फेणी हेच नाव होते. फेणीला गोव्याचे भौगोलिक मानांकन २००९ मध्येच मिळालेले आहे. झाड तेच, पाऊस तोच, भट्टीही तशीच, आणि तरीही राज्याची हद्द ओलांडली की नाव बदलते. आम्हाला याचा राग आला होता, अजूनही थोडा आहे. पण वकिलांनी मानांकन कायद्यातील कलम ३९ दाखवले. नोंदणीकृत मानांकनाचा खोटा वापर केल्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, असे वाचल्यावर ते नाव कागदावरूनही गेले.

माझी सूचना अशी की ट्रेडमार्कसाठी एखादे स्वतंत्र, घडवलेले नाव घ्यावे आणि पन्हाळ्यासाठी पुढे मानांकनाचा विचार करावा. गूळ, आजरा घनसाळ तांदूळ आणि चप्पल यांना मानांकन मिळते, तर जांभळाच्या वाइनला का मिळू नये?

कसबा_बावडा_वकील यांचे उत्तर

चंदगडकरांच्या सूचनेचा पहिला भाग मला शंभर टक्के मान्य आहे. दुसऱ्या भागाविषयी सबुरीचा सल्ला देईन. मानांकन व्यक्तीला किंवा कंपनीला स्वतःपुरते मिळत नाही. उत्पादकांची संघटना किंवा कायद्याने स्थापन झालेली संस्था अर्जदार लागते, मालाचा त्या भूमीशी असलेला संबंध आणि लौकिक पुराव्यानिशी मांडावा लागतो आणि सीमा नकाशावर आखून द्यावी लागते. ज्या वाइनची पहिली टाकी अजून भरलेली नाही तिचा लौकिक कोठून दाखवणार? आणखी एक गोष्ट म्हणजे मानांकन मिळाल्याने प्रश्न सुटतात असे नाही. कोल्हापुरी चपलेचे मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी आहे. २०२५ मध्ये इटलीच्या प्रसिद्ध फॅशन कंपनीने तशाच चपला मिलानच्या मंचावर आणल्या तेव्हा येथे मोठा संताप झाला आणि मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली. न्यायालयाने ती फेटाळली, कारण दाद मागण्याचा हक्क मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांचा होता आणि याचिकाकर्ते ते नव्हते. गुळाचेही आपण पाहतोच. मानांकन असूनही बाहेरून आलेल्या गुळाला कोल्हापुरी म्हणून विकल्याची तक्रार दर हंगामात होते. मानांकन राबवायला माणसे, पैसा आणि वकील कायम तयार ठेवावे लागतात.

एकाच नावावर दोन प्रदेशांचा हक्क असू शकतो का, हे पाहायचे असल्यास ‘पिस्को’चा वाद वाचावा. द्राक्षापासून गाळलेल्या या मद्यावर पेरू आणि चिली दोघेही हक्क सांगतात. भारतात पेरूने मानांकनासाठी अर्ज केला आणि चिलीने विरोध केला. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये केवळ ‘पिस्को’ असे नाव एकट्या पेरूला न देता त्यापुढे देशाचे नाव लावण्याचा मार्ग स्वीकारला, म्हणजे ‘पेरूचे पिस्को’. आपल्या मानांकन कायद्यातील कलम १० मध्ये समान नावांची ही सोय आहे. मात्र चंदगडकरांना मी आधीच सांगतो की ‘चंदगडी फेणी’ या आशेने यात फार डोकावू नये. चिलीकडे स्वतःच्या जुन्या वापराचा आणि करारांचा मोठा पुरावा होता.

शाहूपुरी_लेबलवाला यांचे उत्तर

मी लेबल मंजुरीच्या फायली तयार करण्याचे काम करतो. न्यायालयात काय टिकेल हे वकील साहेब सांगतील. कार्यालयात काय अडकते ते मी सांगतो.

मधुमेहाची ओळ कोणत्याही परिस्थितीत ठेवू नये. मद्यार्कयुक्त पेयाच्या लेबलावर आरोग्यविषयक दावा करता येत नाही, मग जांभळाच्या बीविषयी आयुर्वेदात काहीही सांगितलेले असो. ‘नशा न आणणारी’ अशा अर्थाचे शब्दही चालत नाहीत. मद्यसेवन आरोग्यास अपायकारक आहे आणि मद्यपान करून वाहन चालवू नये, हा वैधानिक इशारा अनिवार्य आहे. त्याच बाटलीवर गुणकारी असेही लिहिणे हास्यास्पद दिसते. मद्यार्काचे प्रमाण, निव्वळ परिमाण, उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच आणि परवाना क्रमांक या नेहमीच्या गोष्टींवर वेळ घालवत नाही. जांभळाच्या बाटलीवर नुसते ‘वाइन’ लिहू नये, फळाचे नाव त्याला लागूनच हवे.

तीन दरवाजाच्या चित्राबाबत मी सावध राहीन. मद्य विकले किंवा दिले जाते त्या आस्थापनांच्या फलकांवर महनीय व्यक्तींची आणि गडकिल्ल्यांची नावे असू नयेत, असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये घेतला. तो फलकांविषयी आहे, हे मला माहीत आहे. परंतु ज्या सरकारने दुकानाच्या पाटीवर गडाचे नाव नको म्हटले, त्याच सरकारचा अधिकारी बाटलीवर गडाचे चित्र सहजासहजी मंजूर करील, असे मला वाटत नाही. आणि केले तरी कोल्हापुरात त्यावरून उद्या मोर्चा निघणार नाही याची हमी कोण देणार?

कसबा_बावडा_वकील यांचे उत्तर

येथे माझा थोडा मतभेद आहे. पाटीविषयीची तरतूद बाटलीच्या लेबलाला आपोआप लागू होत नाही आणि केवळ तेवढ्या कारणाने लेबल नाकारले तर त्याविरुद्ध दाद मागता येईल. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव किंवा चित्र व्यापारी कारणासाठी वापरण्यास मात्र १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्यानेच बंदी आहे, तेव्हा तेथे वादाला जागाच नाही. पन्हाळा आणि महाराजांचे नाते सर्वश्रुत असल्याने मजकुरातही त्याचा उल्लेख येऊ देऊ नका. चित्राविषयी बोलायचे तर आपला हक्क असणे आणि त्या हक्कासाठी पहिल्याच हंगामात भांडत बसणे परवडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेबलवाल्यांचा सल्ला व्यवहार्य आहे.

पन्हाळा_परिसर यांचे उत्तर

आमची काल बैठक झाली. ‘पन्हाळा व्हॅली’ हे नाव सोडून देण्याचे ठरले आहे, चित्रही बदलतो आहोत. अर्ज मागे घेऊन घडवलेल्या नावाचा नवा अर्ज करू. काही सभासद नाराज आहेत. नोटिशीला घाबरून नाव सोडल्यासारखे दिसेल, असे त्यांचे म्हणणे आहे. जांभळाच्या बाटलीवर पन्हाळ्याचा उल्लेख राहावा यावर मात्र सर्वांचा आग्रह आहे. तो कसा करावा? आणि जुन्या नावाची जी थोडी लेबले छापून आली आहेत, त्यांवर नवी पट्टी चिकटवून चालेल का?

शाहूपुरी_लेबलवाला यांचे उत्तर

पट्टी चिकटवू नका. मंजुरी मिळते ती सादर केलेल्या नमुन्याला, आणि पट्टीखालून जुने नाव डोकावले तर नोटीस देणाऱ्यांच्या हाती आयता फोटो मिळेल. लेबले बाजूला गठ्ठा बांधून ठेवा आणि किती आहेत याची नोंद करा. त्यांचे काय करायचे ते नोटिशीचे उत्तर गेल्यावर वकिलांना विचारून ठरवा.

द्राक्षमळा_पलूस यांचे उत्तर

पन्हाळ्याचा उल्लेख विधान म्हणून मागील बाजूस करावा, नाव म्हणून पुढे नको. उदाहरणार्थ: ‘या वाइनसाठी वापरलेले सर्व जांभूळ पन्हाळा व शाहूवाडी तालुक्यांतील आहे. उत्पादन व भरणी: करवीर तालुका, जिल्हा कोल्हापूर.’ यातील ‘सर्व’ हा शब्द छापण्यापूर्वी एकदा विचार करा. जांभळाचा हंगाम जेमतेम महिना-दीड महिन्याचा, आणि वळवाने फळ झडले की व्यापारी राधानगरीकडचा माल आणून देतो. तशी वेळ येण्याची शक्यता वाटत असेल तर आताच ‘कोल्हापूर जिल्ह्यातील’ असे लिहा. शिराझच्या बाटलीसाठी गट नंबर माझ्याकडून घेऊन जा, सातबाराची प्रतही देतो.

कसबा_बावडा_वकील यांचे उत्तर

वरील मजकूर मला योग्य वाटतो. जे नाव केवळ मूळ सांगण्यासाठी प्रामाणिकपणे वापरले आहे त्याला ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३० चे संरक्षण मिळते, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणी ‘पन्हाळा’ असलेले चिन्ह नोंदवले तरी आपली ही ओळ टिकेल. नाराज सभासदांना एवढे सांगा की नाव सोडण्याचे कारण नोटिशीतला ‘व्हॅली’ नाही, परीक्षण अहवालातील कलम ९ आहे. नोटिशीच्या उत्तरातही हेच यावे: ‘व्हॅली’ शब्दावरील आपला हक्क आम्हाला मान्य नाही, तथापि आमच्या व्यावसायिक निर्णयानुसार हे चिन्ह बाजारात आणणार नाही. नव्या नावाचा शोध तेहतिसाव्या वर्गाबरोबर बत्तिसाव्यातही घ्या, कारण बिअर आणि बिनमद्यार्क पेये त्या वर्गात येतात आणि विरोध तिकडूनही होतो.

पन्हाळा_परिसर यांचे उत्तर

‘कोल्हापूर जिल्ह्यातील’ असेच छापतो. पलूसला येत्या आठवड्यात येतो, काटा पावतीचा नमुनाही दाखवावा.

द्राक्षमळा_पलूस यांचे उत्तर

या. छपाईला देण्यापूर्वी पावतीवर टाकी क्रमांकाचा रकाना घालून घ्या, म्हणजे दोन्ही कामे एकाच फेरीत होतील.